‘रेडी टू मूव्ह’, ‘बुक्ड’, ‘क्लिअर टायटल’: घराच्या जाहिरातीतील अवस्था कशा वाचाव्यात

घर शोधायला निघालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक परिभाषा पाठ होते: न्यू लॉन्च, अंडर कन्स्ट्रक्शन, निअरिंग पझेशन, रेडी टू मूव्ह, रीसेल, बुक्ड, लास्ट फ्यू युनिट्स, ओसी रिसीव्ह्ड, क्लिअर टायटल, बँक ऑक्शन. संकेतस्थळांवरच्या रंगीत पट्ट्यांत, रस्त्यावरच्या फ्लेक्सवर आणि दलालाच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात हे शब्द इतक्या ठामपणे छापलेले असतात की ती एखादी अधिकृत नोंद वाटावी. प्रत्यक्षात यांतील बहुतेक शब्द विकणाऱ्याने स्वतः निवडलेले असतात. जाहिरात टाकताना समोर आलेल्या यादीतून त्याने एक पर्याय निवडलेला असतो, एवढाच त्यांचा आधार. घराची खरी अवस्था महाराष्ट्रात चार ठिकाणी नोंदलेली असते: महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर, बांधकामाला परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या किंवा नियोजन प्राधिकरणाच्या दप्तरी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आणि जमिनीच्या अभिलेखात. त्यामुळे जाहिरातीतला प्रत्येक शब्द वाचताना तो यांपैकी कोणत्या कागदावर उभा आहे हे विचारावे, आणि तो कागद दाखवता येत नसेल तर त्या शब्दाची किंमत शून्य धरावी.

अमेरिकेत राहून पुण्यात किंवा ठाण्यात घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांची येथे हमखास गल्लत होते. तिकडे दलालांची मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस ही सामाईक नोंदपद्धत आहे. घर ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे, ‘कंटिंजंट’ आहे, ‘पेंडिंग’ आहे की ‘सोल्ड’, हे तेथे ठरलेल्या नियमांनुसार वेळेवर बदलावे लागते आणि तीच माहिती पुढे सर्वत्र दिसते. आपल्याकडे असा सामाईक फलक नाही. एकच सदनिका पाच दलालांनी पाच वेगवेगळ्या भावांनी टाकलेली असू शकते, आणि ती विकली गेल्यावरही जाहिरात महिनोन्‌महिने तशीच राहते. फोन केल्यावर “तो फ्लॅट कालच गेला, पण त्याच बिल्डिंगमध्ये दुसरा आहे” हे उत्तर ज्याने ऐकलेले नाही असा ग्राहक विरळा. म्हणून ‘उपलब्ध’ हा शब्द आणि जाहिरातीची ताजी तारीख यांवर विसंबून लांबचा प्रवास करू नये. आधी मालकाचे नाव, विंग आणि सदनिका क्रमांक मागावा. सदनिका क्रमांक सांगायला जो कां-कू करतो त्याच्याकडे बहुधा ती सदनिका विकण्याचा अधिकारच नसतो.

प्री-लॉन्च, ईओआय आणि न्यू लॉन्च

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम ३ नुसार प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय विकासकाला त्याची जाहिरात करता येत नाही, नोंदणीरक्कम घेता येत नाही आणि विक्रीही करता येत नाही. महाराष्ट्रात महारेराचा कारभार मे २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हा नियम लागू आहे. तरीही ‘प्री-लॉन्च’ हा शब्द बाजारातून गेलेला नाही. त्याने फक्त कपडे बदलले. आता त्याला ‘ईओआय’ म्हणतात, म्हणजे खरेदीची इच्छा दर्शवणारा अर्ज आणि त्यासोबत एक धनादेश, जो “आम्ही बँकेत टाकत नाही, फक्त ठेवतो” असे सांगून घेतला जातो. ‘महारेरा अप्लाइड’ हाही त्याच कुळातला शब्द आहे. नोंदणीसाठी अर्ज केला असणे आणि नोंदणी मिळालेली असणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, आणि अर्जाच्या अवस्थेत पैसे घेणे हे न केलेल्या अर्जाइतकेच नियमबाह्य आहे. अशा प्रकल्पात पाच-सात टक्के स्वस्त मिळते असे सांगितले जाते. ती सवलत जोखमीच्या मानाने फारच थोडी आहे, कारण त्या टप्प्यावर मंजूर नकाशाच हातात नसतो आणि आपण नेमके काय विकत घेत आहोत हे विकासकालाही पक्के ठाऊक नसते.

‘न्यू लॉन्च’ या शब्दासोबत मात्र नोंदणी क्रमांक असायलाच हवा. प्रकल्पाचा जुना क्रमांक ‘पी’ने सुरू होतो आणि दलालाचा ‘ए’ने, ही दोन्ही अक्षरे ओळखता आली तरी पुष्कळ गोंधळ टळतो, कारण काही जाहिरातींत दलालाचा क्रमांक ठळक छापलेला असतो आणि प्रकल्पाचा नसतोच. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे महारेराने बंधनकारक केले आहे. तो मोबाइलने उघडला की प्रकल्पाचे महारेरावरील पान थेट समोर यायला हवे. विकासकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा चित्रफितीवर नेणारा कोड हा तो कोड नव्हे.

नोंदणी क्रमांक नाही म्हणून प्रत्येक इमारत बेकायदा ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही. जुन्या वाड्याच्या किंवा बंगल्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या छोट्या इमारती बऱ्याचदा या सवलतीत बसतात. तेथे महारेराचे पान मिळणार नाही, त्यामुळे बाकीचे कागद दुप्पट काळजीने पाहावे लागतात.

अंडर कन्स्ट्रक्शन: महारेराचे पान कसे वाचावे

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाची जाहिरात आणि त्याचे महारेरावरील पान शेजारी-शेजारी उघडून ठेवावे. सर्वांत आधी प्रकल्पाचे नाव जुळते का ते पाहावे. जाहिरातीत एक आकर्षक नाव आणि नोंदणीत दुसरेच, असे वारंवार घडते. एका मोठ्या संकुलाचे सात-आठ टप्पे असतात, प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असते, आणि पहिल्या टप्प्याचा क्रमांक दाखवून चौथ्या टप्प्यातली सदनिका विकली जाते. आपली विंग त्या नोंदणीत आहे का, आणि आपला मजला मंजूर मजल्यांत येतो का, एवढे दोन प्रश्न येथे सुटले पाहिजेत. इमारत २२ मजल्यांची दाखवलेली असते, पण बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात, ते अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग काही मजल्यांपर्यंत, मग पूर्ण. १४ मजल्यांपर्यंतच सीसी असताना १९ व्या मजल्यावरची सदनिका ‘अंडर कन्स्ट्रक्शन’ म्हणून विकणे म्हणजे अजून परवानगी न मिळालेल्या हवेतला तुकडा विकणे होय. तिचा ताबा केव्हा मिळेल हे त्या परवानगीवर अवलंबून असते, आणि ती खरेदीदाराच्याच काय, विकासकाच्याही हातात नसते.

त्यानंतर पूर्णत्वाची तारीख पाहावी. पानावर मूळ प्रस्तावित तारीख आणि मुदतवाढ घेतली असल्यास सुधारित तारीख, अशा दोन्ही तारखा दिसतात. जाहिरातीत ‘पझेशन डिसेंबरमध्ये’ असे लिहिलेले असते, नोंदणीत त्याच्या दोन वर्षांनंतरची तारीख असते, आणि विक्री कार्यालयात विचारल्यास “ती महारेराची तारीख आहे, आमची टार्गेट तारीख वेगळी” असे हसून सांगितले जाते. ग्राहकाच्या उपयोगाची तारीख या दोन्हींहून वेगळी, म्हणजे करारात लिहिलेली असते. ताब्याला उशीर झाल्यास कलम १८ नुसार पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून दर महिन्याचे व्याज मागता येते, आणि हा उशीर विक्री करारातील तारखेपासून मोजायचा असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या नियमांनुसार या व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च कर्जदर अधिक दोन टक्के असा धरला जातो. तेव्हा तोंडी तारीख कितीही जवळची असली तरी करारात जी तारीख छापली जाईल तीच खरी मानून घरभाडे आणि हप्ते यांचा हिशेब मांडावा.

विकासकाने दर तिमाहीला प्रगतीची माहिती भरणे बंधनकारक आहे. वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे अनुक्रमे फॉर्म १, २ आणि ३ या नावांनी तेथे असतात. काम किती टक्के झाले आणि खर्च किती झाला हे त्यांतून कळते. शेवटची माहिती केव्हा भरली आहे ते पाहणे हा या पानाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी वापर आहे. वर्षभर काहीच भरलेले नसेल तर फ्लेक्स कितीही मोठा असो, कुठेतरी पाणी मुरते आहे.

नोंदणीची स्वतःची अवस्थाही असते, आणि जाहिरातीत ती कधीच छापलेली नसते. पूर्णत्वाची मुदत उलटून गेली आणि वाढ घेतलेली नसेल तर नोंदणी ‘लॅप्स्ड’, म्हणजे मुदतबाह्य होते. तिमाही माहिती न भरण्यासारख्या कसुरीबद्दल महारेराने २०२३ पासून अनेक प्रकल्पांच्या नोंदण्या स्थगित केल्या आहेत. अशा प्रकल्पाची जाहिरात आणि विक्री करता येत नाही, त्याचे बँक खाते गोठवले जाते, आणि त्यातील सदनिकांचे करार नोंदवू नयेत असे नोंदणी विभागाला कळवले जाते. गैरप्रकार सिद्ध झाल्यास नोंदणी रद्दही होते. प्रकल्प पुढे न्यायचाच नाही असे विकासकाने ठरवल्यास तो स्वतःहून नोंदणी मागे घेतो. यांतली पहिली अवस्था सर्वांत फसवी असते, कारण काम चालू दिसते, क्रेन हलत असते, विक्री कार्यालयात चहा मिळतो, आणि फक्त कागद संपलेला असतो.

बुक्ड, ब्लॉक्ड, सोल्ड

‘लास्ट फ्यू युनिट्स’ खरे आहे का हे पडताळणे सोपे आहे, कारण एकूण सदनिका किती आणि त्यांपैकी बुक झालेल्या किती हे विकासकाने महारेरावर भरलेले असते. १२० पैकी ४१ बुक झालेल्या दिसत असताना ‘शेवटच्या पाच’ ही भाषा वापरली जात असेल तर घाई करण्याचे कारण उरत नाही. उलट भावाची घासाघीस करायला जागा आहे हे कळते. काही विकासक आपल्या सदनिका टप्प्याटप्प्याने बाजारात आणतात आणि उरलेल्या ‘ब्लॉक’ करून ठेवतात, तेव्हा विक्री प्रतिनिधीच्या तक्त्यावर लाल खूण असलेली प्रत्येक सदनिका विकली गेलेली असते असे नाही.

बुक्ड या शब्दाला कायद्यात थोडाच अर्थ आहे. नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे कलम १३ सांगते. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काही कापले जात नाही. पुढे दिवसांनुसार कपात वाढत जाते. वाटपपत्र हातात असलेली सदनिका बुक झालेली असते, नोंदणीकृत करार झालेली विकलेली. मधल्या काळात “तुमच्यासाठी होल्ड केला आहे” या वाक्याला आधार फक्त सांगणाऱ्याच्या शब्दाचा असतो.

रेडी टू मूव्ह आणि भोगवटा प्रमाणपत्र

या एका शब्दावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण यात पैसा थेट अडकलेला आहे. भिंती रंगवल्या, लिफ्ट चालू झाली, दोन-चार खिडक्यांत पडदे दिसू लागले की इमारतीला ‘रेडी’ म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने इमारत राहण्यायोग्य होते ती महापालिका किंवा नियोजन प्राधिकरण भोगवटा प्रमाणपत्र देते तेव्हा. बोलीभाषेत ती ओसी. १९६३ च्या मोफा या सदनिका मालकीविषयीच्या कायद्याने तर असे प्रमाणपत्र नसताना विकासकाने ताबा देण्याला आणि ग्राहकाने तो घेण्यालाही मनाई केलेली आहे. ही मनाई वळसा घालून टाळण्यासाठी मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘फिट-आऊट पझेशन’ हा शब्द निघाला: ओसी यायची आहे, तोपर्यंत फर्निचरचे काम करून घ्या, म्हणून किल्ली दिली जाते, सोबत एका पत्रावर सही घेतली जाते, आणि शेवटचा हप्ता वसूल होतो. ग्राहक भाडे वाचवण्याच्या विवंचनेत हळूच राहायला येतो. मग ताब्याला उशीर झाला म्हणून व्याज मागायला गेल्यास तेच पत्र पुढे केले जाते. ज्याला किल्ली घ्यावीच लागेल त्याने त्या पत्रात “भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत हा कायदेशीर ताबा नाही, आणि विलंबाबाबतचे माझे हक्क कायम आहेत” असे स्पष्ट लिहून घ्यावे.

करातील फरकही याच कागदावर ठरतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या, म्हणजे ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर व अन्यत्र ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या घरांना तो १ टक्का आहे. पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर संपूर्ण रक्कम दिली जात असेल तर हा कर लागत नाही. ८० लाखांच्या सदनिकेवर हा फरक ४ लाखांचा होतो. म्हणून ‘रेडी टू मूव्ह’ असे लिहिलेल्या सदनिकेच्या किमतीच्या तक्त्यात जीएसटीचा रकाना दिसला तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे, आणि ती कोणती हे तेथेच विचारावे. ओसी दोन महिन्यांत येणार असे विकासक खात्रीने सांगत असेल तर मोठी रक्कम देण्यासाठी तेवढे थांबण्याचा प्रस्ताव ठेवावा. त्याची खात्री किती पक्की आहे हे उत्तरावरून लगेच कळते.

‘ओसी रिसीव्ह्ड’ असे लिहिलेले असले तरी प्रत मागून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. वरच्या भागात प्राधिकरणाचे नाव, क्रमांक आणि तारीख असते. मधल्या परिच्छेदात कोणत्या भूखंडावरील कोणत्या इमारतीला, कोणत्या विंगला आणि कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत परवानगी दिली हे लिहिलेले असते. त्याखाली अटी असतात. ‘ए विंग, तळमजला अधिक १ ते ११ मजले’ असे लिहिलेल्या अंशतः भोगवटा प्रमाणपत्राच्या आधारे बी विंगमधली सदनिका ‘ओसीवाली’ म्हणून विकली जाते, आणि प्रत न वाचणाऱ्याला हे राहायला गेल्यावर कळते. प्रमाणपत्रात मजला असला तरी आपली सदनिका तेथे मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, दोन सदनिका एक केल्या आहेत का, गच्ची किंवा बाल्कनी बंद करून खोली वाढवली आहे का, हेही जुळवून पाहावे. ‘ओसी अप्लाइड’ ही अवस्था महिनाभरात संपू शकते किंवा दहा वर्षेही टिकू शकते. शहरांत वर्षानुवर्षे वापरात असूनही ओसी न मिळालेल्या इमारती शेकड्यांनी आहेत, आणि तेथे राहणारे पाणीपट्टी, गृहकर्ज आणि पुनर्विक्री या तिन्ही बाबतींत त्याची किंमत मोजत असतात.

रीसेल: येथे महारेरा मदतीला येत नाही

जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीची सदनिका महारेराच्या नोंदीत नसते, आणि असायचे कारणही नाही. येथे खरी अवस्था दुय्यम निबंधकाकडे कळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. गाव किंवा विभाग, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की त्या मिळकतीवर नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजेच इंडेक्स टू, पाहता येते. त्यात दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, मिळकतीचे वर्णन, क्षेत्रफळ, लिहून देणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचे नाव आणि दोन तारखा असतात, एक दस्त केल्याची आणि दुसरी नोंदवल्याची. या साखळीतला शेवटचा ‘लिहून घेणार’ आणि तुमच्यासमोर मालक म्हणून बसलेली व्यक्ती एकच असली पाहिजे. मूळ मालक वारला असेल तर केवळ नामनिर्देशनाच्या आधारे सोसायटीच्या भाग-दाखल्यावर आलेले नाव पुरेसे नसते; सर्व वारसांची संमती लागते, आणि ‘अर्जंट सेल’ म्हणून टाकलेल्या जाहिरातींमागे हा गुंता बऱ्याचदा असतो.

मालक “टोकन आले आहे” म्हणतो तेव्हा व्यवहार कुठवर आला आहे हे नीट समजून घ्यावे. टोकन म्हणजे काही हजारांची, मोडता येणारी बोली असू शकते. विसार पावती झाली असेल तर मोठी रक्कम आणि मुदत ठरलेली असते. साठेखत नोंदवले असेल तर ते घर दुसऱ्याला द्यायचे ठरल्याचा नोंदणीकृत करार उभा आहे, आणि तो रीतसर रद्द होईपर्यंत आपण मध्ये पडू नये. खरेदीखत झाले तर विषय संपला. यांतली पहिली दोन पावले ई-सर्चमध्ये दिसतच नाहीत, कारण ती नोंदवलेली नसतात. दस्त केल्यापासून नोंदणीला चार महिन्यांची मुदत असल्यामुळे नुकतेच झालेले साठेखतही दिसेलच असे नाही. येथे वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस उपयोगी पडते. आपल्या वकिलामार्फत मिळकतीचे वर्णन देऊन हरकती मागवल्या की आधीचा विसार दिलेला माणूस, न विचारलेला भाऊ किंवा थकीत कर्जाची बँक पुढे येण्याची शक्यता असते. नोटिशीचा खर्च टाळावा असे मालकालाच फार वाटत असेल तर ती अवश्य द्यावी.

‘लोन चालू आहे’ ही अवस्था घाबरण्यासारखी नाही. बरीच घरे तशीच विकली जातात. कर्ज देणाऱ्या बँकेचे थकबाकीचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी घ्यावी, आणि आपल्या रकमेतून तिचे कर्ज थेट तिच्याच खात्यावर फेडले जाईल अशी व्यवस्था करावी. मालकाने कर्ज लपवले असल्याचा संशय असेल तर ‘सरसाई’ या तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत अल्प शुल्क भरून मिळकतीवरचा बोजा शोधता येतो. नवी मुंबईतील सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घर असेल तर हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत ‘रेडी फॉर रजिस्ट्रेशन’ हा शब्द अर्धाच खरा असतो.

प्लॉटच्या जाहिरातीतला ‘एनए’

जमिनीच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. ‘आर झोन’ याचा अर्थ विकास आराखड्यात तो भाग निवासी दाखवला आहे, एवढाच. जमीन बिगरशेती झाली असा नव्हे. ‘एनए प्रस्तावित’ म्हणजे झालेली नाही. जमीन बिगरशेती झाल्याचा कागद, मंजूर रेखांकन आणि आपल्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा, हे तिन्ही हातात असतील तरच ‘एनए प्लॉट’ या शब्दाला अर्थ आहे. “सातबारा पुढे वेगळा निघेल” असे सांगून एकाच मोठ्या गटातले अविभक्त गुंठे विकले जातात आणि उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे चढतात; मग कुंपण घालायला गेल्यावर प्रत्येकाचा प्लॉट रस्त्यालगतच निघतो. शेतजमीन शेतीच्याच स्वरूपात विकत घ्यायची असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार घेणारा शेतकरी असावा लागतो. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असे लिहिलेले दिसले तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम यांच्या नोंदी येतात, आणि ‘क्लिअर टायटल’ हा शब्द तपासायची जागा तीच आहे. गावठाणात आणि नगर भूमापन झालेल्या शहरी भागात सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक पाहावे लागते. गोव्यात त्याच कामासाठी एक-चौदाचा उतारा मागतात.

बँक ऑक्शन

सरफेसी कायदा, २००२ खाली बँका थकीत कर्जदारांची घरे लिलावात काढतात, आणि त्यांच्या जाहिरातीत एक शब्द किमतीपेक्षा महत्त्वाचा असतो: ताबा ‘प्रतीकात्मक’ आहे की ‘प्रत्यक्ष’. प्रतीकात्मक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, पण आत कुटुंब राहते आहे. त्यांना बाहेर काढण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागते, आणि तो काळ महिन्यांत मोजायचा की वर्षांत हे कोणी सांगू शकत नाही. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर होते, म्हणून सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर आणि वीजबिल यांची चौकशी बोली लावण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन स्वतः करावी. बँकेच्या जाहिरातीत ‘ज्ञात बोजा: निरंक’ असे लिहिलेले असते, त्यात ‘ज्ञात’ या शब्दावर सगळा भार असतो. बोली लागल्यावर २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी आणि उरलेली १५ दिवसांत भरावी लागते. त्या १५ दिवसांत गृहकर्ज मंजूर होऊन हातात पडणे अवघड असते, तेव्हा कर्जाची मंजुरी आधी घेऊनच लिलावात उतरावे. नाहीतर भरलेली रक्कम जप्त होते.

नोंदणीच्या दिवशी

कागद एकदा पाहून झाले म्हणजे अवस्था गोठली असे होत नाही. पाहणी आणि नोंदणी यांच्यामध्ये महिना-दोन महिने जातात, आणि तेवढ्यात बोजा चढू शकतो, महारेराची नोंदणी मुदतबाह्य होऊ शकते, दावा दाखल होऊ शकतो. म्हणून दुय्यम निबंधकाकडे जाण्याच्या आदल्या दिवशी महारेराचे पान आणि ई-सर्च पुन्हा उघडून पाहावे, आणि उताऱ्याची ताजी, डिजिटल सहीची प्रत काढावी. ज्या जाहिरातीवरून आपण त्या घरापर्यंत आलो तिचे, किमतीच्या तक्त्याचे आणि दलालाच्या संदेशांचे तारखेसह दिसणारे चित्र जपून ठेवावे. विकासकाच्या जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते, आणि नंतर ती जाहिरात संकेतस्थळावरून काढून टाकलेली असली तरी आपल्याकडची प्रत तक्रारीसोबत जोडता येते.